जुना संगणक शाळेला देताना

व्यापारी माणसाच्या पेढीवर दोन प्रकारचा जुना माल पडून असतो. एक, जो विकला गेला नाही तो. दुसरा, जो आपल्या उपयोगाचा उरला नाही तो. पहिल्या मालाची आपण रात्रंदिवस चिंता करतो, दुसऱ्याकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाही. बिलिंगचा जुना संगणक, मुलाने कॉलेजात वापरलेला लॅपटॉप, नवीन घेतल्यावर बाजूला ठेवलेला प्रिंटर, असे सामान आज जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या माळ्यावर सापडते. ते भंगारवाल्याला वजनावर द्यावे की एखाद्या शाळेला, गरजू विद्यार्थ्याला द्यावे, आणि द्यायचे तर कशा रीतीने द्यावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या धंद्यात सेकंडचा माल विकणे हा गुन्हा नाही. मात्र त्याच्यावर सेकंड म्हणून शिक्का असतो आणि भावही तसा असतो. डाग आतल्या घडीत दाबून फर्स्टच्या भावाने ताका विकणाऱ्याचा धंदा फार दिवस चालत नाही, कारण गिऱ्हाईक परत येऊन जाब विचारते. दानाच्या मालाचे तसे नाही. फुकट घेणारा तक्रार करीत नाही. बंद पडलेला संगणक मिळाला तरी मुख्याध्यापक आभाराचे पत्र देतात आणि यंत्र कोपऱ्यात ठेवून देतात. तक्रार येणार नसते म्हणूनच देणाऱ्याची जबाबदारी वाढते, हे या विषयातील मुख्य सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हा विषय आत्ताच का?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्यानंतर ठराविक काळापुरती वाढीव सुरक्षा सेवा घेण्याची सोय कंपनीने ठेवली, पण ती मुदतीचीच आहे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी कंपनीच्या अटी कडक आहेत. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आठवी पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे २०१५-१६ चा चांगला चालणारा संगणकसुद्धा या अटीत बसत नाही.

परिणाम असा की कचेऱ्या, बँका, कारखाने आणि मोठ्या पेढ्या धडधाकट यंत्रे बदलीत आहेत. त्या यंत्रांचा पडदा चालतो, कळफलक चालतो, प्रोसेसरला काही झालेले नाही. अशा यंत्रांवर दुसरी, मोफत मिळणारी प्रणाली घातली तर ती आणखी काही वर्षे शिक्षणाच्या कामाला येऊ शकतात. न घातली तर ती भंगारात जातील.

गरज किती आणि कोणाला?

केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शाळांच्या माहिती संकलनानुसार संगणकाची सोय असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के होते. २०२४-२५ मध्ये ते ६४.७ टक्क्यांवर आले. सुधारणा चांगली आहे, तरीही देशातील सुमारे एक तृतीयांश शाळा बाकी राहतातच. शिवाय संगणक असणे आणि तो मुलांच्या हाताला लागणे यांत अंतर असते. दोन यंत्रे असतील तर एक कचेरीत शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले असते.

घरोघरी आता मोबाईल आहे, मग संगणक कशाला, असे विचारले जाते. २०२० च्या टाळेबंदीत याचे उत्तर मिळाले. एका मोबाईलवर घरातली तीन भावंडे पाळीपाळीने शिकत होती. आणि मोबाईलवर धडा पाहता येतो, पण टायपिंगचा हात बसत नाही, टॅलीचे व्हाउचर घालण्याचा सराव होत नाही, एक्सेलचा तक्ता मांडता येत नाही. आपल्याकडे हिशेबनीस म्हणून नोकरी मागायला येणाऱ्या मुलाला आपण याच गोष्टी विचारतो. ज्या मुलाने शाळेत कळफलकाला हात लावलेला नाही त्याला आपणच नापास करतो. तेव्हा हा प्रश्न केवळ शाळेचा नाही, आपल्या पेढीवर उद्या कोण बसणार याचाही आहे.

शाळेखेरीज गरजू व्यक्तीही आहेत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, पदविकेला असलेली मुलगी, घरबसल्या टायपिंग किंवा डिझाइनचे काम करू शकणारी स्त्री, वाचनालय, वसतिगृह. अशा ठिकाणी एक लॅपटॉप रोजगाराचे साधन होतो.

दोन अनुभव

संगणक दिला म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत किती चुकीची आहे ते दोन ठिकाणच्या अनुभवांवरून दिसते. पहिला आपल्या शेजारचा, गुजरातमधील वडोदऱ्याचा आहे.

२००० मध्ये राज्य सरकारने वडोदरा महापालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ मध्ये ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळांत ती यंत्रे मुलांच्या वापरात असल्याचे आढळले. काही तर मूळ खोक्यातून बाहेरही काढलेली नव्हती. मग ‘प्रथम’ने अनेक शाळांत चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ असलेला कार्यक्रम आखला. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास, आणि देखरेखीला शिकवलेला माणूस. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाची मोजणी केली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांचे गणिताचे गुण स्पष्टपणे वाढले होते. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने तो फायदा बराचसा ओसरलाही. यंत्रे तीच, शाळा त्याच. फरक पडला तो ठरलेल्या तासांमुळे आणि शिकवणाऱ्या माणसामुळे. तास थांबले तसा फायदाही आटला.

दुसरा अनुभव दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचा. तेथे २००० मध्ये ‘कॉम्प्युतादोरेस पारा एदुकार’ म्हणजे ‘शिक्षणासाठी संगणक’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. खासगी कंपन्यांचे वापरलेले संगणक गोळा करायचे, दुरुस्त करायचे आणि सरकारी शाळांना द्यायचे. शिक्षकांना प्रशिक्षणही होते. कार्यक्रमाची आखणी उत्तम होती. पण २००९ मध्ये ९७ शाळांच्या अभ्यासातून असे दिसले की मुलांच्या गुणांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. शिक्षकांनी ती यंत्रे भाषा शिकवण्यासाठी वापरावीत असा हेतू होता. प्रत्यक्षात ती बहुतांशी ‘संगणक कसा चालवावा’ एवढे शिकवण्यापुरतीच वापरली गेली.

या दोन अनुभवांमधून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा सोपा आहे. लूम बसवला म्हणून कापड निघत नाही. सूत, वीज, कारागीर आणि रोजची देखभाल लागते. संगणकाचेही तेच आहे.

काय द्यावे, काय देऊ नये

देण्याजोगे यंत्र ओळखण्याची काही साधी गमके आहेत. प्रोसेसर दोन किंवा अधिक कोअरचा, ६४ बिटचा असावा. रॅम किमान ४ जीबी असावी, ८ जीबी असेल तर काम सुखाने चालते. फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. या एका बदलाने जुने यंत्र जितके वेगवान होते तितके दुसऱ्या कशाने होत नाही, कारण संथपणाचे मूळ बहुतेक वेळा डिस्कमध्ये असते. रॅम आणि एसएसडीचे भाव सतत वरखाली होतात. तेव्हा सुताचा भाव काढतो तसे तीन दुकानांतून भाव काढूनच खरेदी करावी.

डेस्कटॉप द्यायचा तर पडदा, कळफलक, माउस आणि सर्व तारा यांसह पूर्ण संच द्यावा. लॅपटॉप द्यायचा तर त्याचा चांगला चार्जर द्यावा आणि बॅटरी किती वेळ टिकते ते प्रत्यक्ष मोजावे. फुगलेली बॅटरी असलेला लॅपटॉप कोणालाही देऊ नये, ती आगीला निमंत्रण देते. आतल्या बटन सेलमुळे अनेक जुन्या यंत्रांची तारीख चुकते आणि त्यामुळे इंटरनेटवरील पाने उघडत नाहीत. सेल थोड्या पैशांत मिळतो, तो बदलूनच द्यावा.

यंत्रमागाच्या गावातील वाचकांसाठी एक खास सूचना आहे. आपल्याकडील यंत्रांच्या पंख्यात रुईची तुसे बसून वाट बंद होते, यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. पुष्कळदा ‘बिघडला’ म्हणून बाजूला टाकलेल्या संगणकाचा आजार एवढाच असतो. तो उघडून साफ करावा, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलावा आणि मगच निर्णय घ्यावा.

जुने खोक्यासारखे काचेचे मॉनिटर मात्र दान करू नयेत. त्यांच्या काचेत शिसे असते, वीज जास्त लागते आणि शाळेला ते पुढे टाकताही येत नाहीत. तसेच फुटलेला पडदा, न चालणारा प्रिंटर, महाग शाई लागणारा प्रिंटर, हे सामान शाळेवर ओझे होते. आपली अडगळ दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणे याला दान म्हणत नाहीत.

माहिती ही अमानत आहे

पेढीच्या संगणकात काय काय असते याचा विचार करावा. टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकांची उधारी, कामगारांच्या आधार व पॅनच्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, ब्राउझरने लक्षात ठेवलेले जीएसटीचे आणि बँकेचे पासवर्ड. त्यातील बरीचशी माहिती आपली नसते. लोकांनी ती विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली अमानत असते.

फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली गेली असे होत नाही. वहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने शाबूत राहतात, तसाच हा प्रकार आहे. झटपट फॉरमॅट केल्यानेही मजकूर मागे राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. अमेरिकन दूरचित्रवाणीवर २००९ मध्ये दाखवलेल्या एका वृत्तपटासाठी काम करणाऱ्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आफ्रिकेतील घाना देशाच्या बाजारात ४० डॉलरला एक जुनी हार्ड डिस्क विकत घेतली. तिच्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कामे घेणाऱ्या एका कंपनीची कागदपत्रे निघाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपली काय कथा!

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी सर्व हिशेबाची प्रत काढून दोन ठिकाणी जपून ठेवावी, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात. टॅलीचा परवाना त्या यंत्रावरून सरेंडर करावा. मग फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पुसण्याच्या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कवर एकदा दुसरी माहिती लिहून घ्यावी. सर्वसाधारण कामासाठी तेवढे पुरते. एसएसडीची रचना वेगळी असल्याने तिला ही पद्धत पुरेशी नाही. तिच्यासाठी डिस्क बनवणाऱ्या कंपनीने दिलेली सिक्युअर इरेज ही आज्ञा वापरावी. डिस्क बंदच पडली असेल तर ती काढून फोडावी आणि यंत्र नवी डिस्क घालून द्यावे.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. लोकांची माहिती नीट न सांभाळणाऱ्यास मोठ्या दंडाची तरतूद या कायद्यात आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, नीयत साफ ठेवूनच हे काम करावे असे आम्हाला वाटते.

कोणती प्रणाली घालावी?

चोरीच्या विंडोजची प्रत घालून संगणक दान करणे हा प्रकार सर्रास चालतो. तो कायद्यानेही चुकीचा आहे आणि व्यवहारानेही, कारण अशा प्रतींबरोबर व्हायरस येतो आणि महिन्याभरात यंत्र बसते. यंत्राबरोबर मूळ परवाना असेल आणि ते विंडोज ११ च्या अटीत बसत असेल तर तीच प्रणाली ठेवावी. नसेल तर लिनक्स हा मार्ग आहे.

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने केली. ती मोफत मिळते, कितीही यंत्रांवर घालता येते आणि जुन्या यंत्रांवर हलकी चालते. लिनक्स मिंट आणि उबुंटू ही तिची प्रचलित रूपे आहेत. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेनेही बॉस नावाचे रूप तयार केले. केरळ राज्याने तर २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे केले. आता ते काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी पाहते. तेव्हा लिनक्स म्हणजे गरिबाचा नाइलाज, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

पत्रे, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी लिबर ऑफिस मोफत आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा युनिकोडमध्ये टाइप करता येतात. उर्दू माध्यमाच्या शाळांत अजून १९९४ मध्ये आलेल्या इनपेजची सवय आहे. पण युनिकोडमध्येही आता नस्तालिक फाँट मोफत मिळतात आणि त्यांत लिहिलेला मजकूर ईमेलने, मोबाईलने कुठेही वाचता येतो. ज्या शाळेत इंटरनेट नाही तेथे किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया संगणकातच साठवून ठेवता येतो. बालभारतीची मराठी व उर्दूसह विविध माध्यमांची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, तीही घालून द्यावीत.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बाहेरच्या कचेऱ्यांत आणि बऱ्याच खासगी वर्गांत विंडोजच चालते आणि टॅली हे विंडोजवरचे सॉफ्टवेअर आहे. म्हणून नोकरीसाठी टॅली शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विंडोजचे यंत्र द्यावे. लहान वर्गांना, वाचनालयाला आणि टायपिंगला लिनक्सचे द्यावे. गिऱ्हाइकाची गरज पाहूनच माल दाखवावा, हा आपला नियमच आहे.

शाळेला आधी काय विचारावे?

संगणक घेऊन थेट शाळेत जाऊ नये. आधी रिकाम्या हाताने जावे आणि पाच प्रश्न विचारावेत. खोलीत वीज किती तास असते आणि अर्थिंग आहे का? खिडकी-दरवाजाला कडी-कुलूप आहे का? कोणते शिक्षक हे काम पाहतील? वेळापत्रकात कोणत्या वर्गाला आठवड्यातून किती तास मिळतील? आणि किल्ली कोणाकडे राहील? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक संगणक खोल्या किल्लीवाल्या माणसाच्या रजेमुळेच बंद राहतात.

उत्तरे समाधानकारक असतील तरच पुढे जावे. यंत्रांची संख्या शाळेच्या गरजेप्रमाणे ठरवावी. बंद खोलीतील वीस यंत्रांपेक्षा रोज चालणारी चार बरी. वडोदऱ्याला एका शाळेत चारच होती आणि काम त्यांवरच झाले.

देणगी लेखी असावी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, यंत्रांची यादी क्रमांकासह आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद, एवढे झाले म्हणजे पुढे वाद होत नाही. सरकारी व अनुदानित शाळांना वस्तू देण्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘विद्यांजली’ ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. शाळा आपली गरज तेथे नोंदवते आणि देणारा ती पाहून पुढे येतो.

प्रत्येक यंत्राबरोबर एक कार्ड द्यावे. त्यावर यंत्राचे साधारण वय, रॅम, डिस्क, काय बदलले, कोणता दोष शिल्लक आहे, आणि बिघडल्यास कोणाला बोलवायचे हे लिहावे. हाच आपला सेकंडचा शिक्का. त्यात कमीपणा काही नाही, उलट घेणाऱ्याचा मान राहतो. कार्यक्रम करून गरजू विद्यार्थ्याच्या हातात लॅपटॉप देतानाचे फोटो छापणे मात्र टाळावे. ज्याला दिले त्याने मान खाली घालून उभे राहावे, असे देणे कोणालाच शोभत नाही.

हिशेब, कर आणि कायदा

आता पैशाची बाजू पाहू. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, तोही घटत्या शिल्लक पद्धतीने. म्हणजे ४०,००० रुपयांचा संगणक पूर्ण वर्षे वापरला असे धरले तर वहीत पहिल्या वर्षअखेर २४,०००, दुसऱ्या १४,४००, तिसऱ्या ८,६४० आणि चौथ्या वर्षअखेर ५,१८४ रुपये किंमत उरते. त्यामुळे यंत्र दिल्याने फार मोठी मालमत्ता जाते असे वाटून घेऊ नये.

पुष्कळांना वाटते की संगणक दिला की ८०जीची सवलत मिळेल. ती मिळत नाही. ही सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही. पैसेही २,००० रुपयांपेक्षा जास्त असतील तर रोख देऊन चालत नाही, चेकने किंवा बँकेमार्फत द्यावे लागतात. शिवाय संस्थेला मान्यता हवी. आणि व्यक्तीने नवी करप्रणाली स्वीकारली असेल तर ही सवलत लागूच होत नाही. म्हणून सवलतीच्या आशेने यंत्राची किंमत फुगवून पावती घेण्याचा मोह टाळावा.

जीएसटीची बाजूही पाहावी. खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर धंद्याची मालमत्ता कायमची फुकट देऊन टाकणे हासुद्धा कायद्याच्या दृष्टीने पुरवठा ठरू शकतो. देण्यापूर्वी आपल्या सीएला एकदा विचारून घ्यावे.

टाकाऊ इलेक्ट्रॉनिक सामानासाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले. या नियमांनुसार वर्षात कधीही एक हजार किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठा ग्राहक ठरते. आपल्यासारख्या पेढ्या त्यात येत नाहीत. तरीही दुरुस्तीनंतर उरलेले सामान हातगाडीवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रालाच द्यावे. उत्तर प्रदेशात मुरादाबादला सर्किट बोर्ड जाळून धातू काढण्याच्या धंद्याने रामगंगा नदीकाठची माती आणि माणसांची छाती, दोन्ही खराब केली. आपल्या माळ्यावरचा माल तेथपर्यंत जाऊ नये.

कोकणातील आणि इतर ठिकाणच्या ज्या वाचकांचे नातेवाईक आखातात आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. तिकडच्या कंपन्यांचे जुने संगणक कंटेनरने मागवून गावच्या शाळेला देऊ, असे मनात येते. पण वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर निर्बंध असून सरकारी परवानगी लागते. नाहीतर माल बंदरावर अडकतो आणि दंड बसतो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला आपल्या सामानात एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. बाकीच्यांनी तिकडून यंत्रांऐवजी बँकेमार्फत पैसे पाठवावेत. इथे दुरुस्तीला तेच जास्त उपयोगी पडतात. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून पैसे घेताना संस्थेला विदेशी देणगीचा कायदा लागू होतो, हे तपासून घ्यावे.

एकट्याने नको, मिळून करावे

एका पेढीचे एक यंत्र दुरुस्त करणे महाग पडते. दहा पेढ्यांची यंत्रे एकत्र आली की काम सोपे होते. एकाची रॅम दुसऱ्याला, एकाचा पडदा तिसऱ्याला अशी जोडणी होते. दहा जमले म्हणून दहा तयार होतील असे मात्र धरू नये. काहींचे सुटे भागच कामाला येतात, आणि तेही नफ्यातच धरावे.

जगात याचे चांगले नमुने आहेत. कॅनडात १९९३ पासून ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ ही योजना चालू आहे. तेथे दुरुस्तीच्या कामावर तरुणांना लावतात, म्हणजे शाळेला यंत्र मिळते आणि तरुणाला हातचे काम येते. कोलंबियाने आपली योजना याच नमुन्यावर उभी केली होती. अमेरिकेतील पोर्टलँड शहरात २००० मध्ये सुरू झालेल्या ‘फ्री गीक’ या संस्थेने वेगळी रीत काढली. जो २४ तास तेथे दुरुस्तीचे, सुटे भाग निवडण्याचे काम करील त्याला एक संगणक मिळे. घेणाऱ्याला फुकट घेतल्याची भावना राहत नसे आणि जाताना तो थोडी दुरुस्तीही शिकून जाई. केरळात २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे आहेत. ती मुलेच आपल्या शाळेतील यंत्रांची देखभाल करायला मदत करतात.

आपल्या प्रत्येक बाजारपेठेत व्यापारी संघटना आहे. गावात आयटीआय किंवा पॉलिटेक्निकची मुले आहेत आणि संगणक दुरुस्तीचे एक-दोन कारागीरही आहेत. संघटनेने वर्षातून एकदा, मार्चच्या हिशेबानंतर, यंत्रे गोळा करावीत. एका कारागिराला ठरलेली मजुरी द्यावी. त्याच्याकडून फुकट काम घेऊ नये, नाहीतर त्याचे मन दुसऱ्या महिन्यात उडते. त्याच्या हाताखाली दोन विद्यार्थी ठेवावेत. एकच शाळा निवडावी आणि तिला तीन वर्षांचा शब्द द्यावा. वर्गणी ठरवतानाच निम्मी रक्कम दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी व निम्मी पुढील देखभालीसाठी बाजूला काढावी. दर तीन महिन्यांनी संघटनेच्या एका माणसाने शाळेत जाऊन चालू यंत्रे मोजावीत. किती दिली याचा आकडा वार्षिक सभेत सांगू नये. किती चालू आहेत तो सांगावा.

आपण दुकानात माल विकला की हिशेब तेथेच मिटतो. या व्यवहारात यंत्र शाळेत पोचल्यावर हिशेब सुरू होतो. ज्याची तीन वर्षे लक्ष देण्याची तयारी नाही त्याने संगणक न देता एका विद्यार्थ्याची वर्षाची फी भरावी, तेही उत्तमच काम आहे. ज्याची तयारी आहे त्याने या आठवड्यातच माळ्यावर चढून यंत्र खाली काढावे, पुसावे आणि सुरू होते का ते पाहावे.